बाळसं कुठं संपतं, लठ्ठपणा कुठं सुरू होतो

भोकर तालुक्यात लेकराच्या वजनाची काळजी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकच काळजी: ते अंगानं भरत का नाही. अंगणवाडीतला वजनकाटा, दंड मोजायची रंगीत पट्टी, शाळेतली खिचडी ही सगळी व्यवस्था याच काळजीतून उभी राहिली. राज्याचं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं, तेही मराठवाड्यातून, औरंगाबादेतून. ही काळजी खरी होती आणि आजही आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. उंचीच्या मानानं वजन जास्त असलेली मुलं ४.१ टक्के. आधीच्या पाहणीत, २०१५-१६ मध्ये, ती १.९ टक्के होती. चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर. चार टक्के म्हणजे काही फार नाहीत असं वाटेल, पण ही पाच वर्षांखालची लेकरं आहेत आणि वय वाढतं तसा हा आकडाही वाढत जातो. पाच ते एकोणीस वयाची लठ्ठ मुलं भारतात १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटी झाली, असा हिशेब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफनं सांगितलं की या वयोगटात जगभरात लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच जास्त झालं आहे: ९.४ टक्के आणि ९.२ टक्के.

नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या, तेलंगणाच्या सीमेला टेकलेल्या आपल्या या भागाला हे लागू पडत नाही, ही शहरातल्या पैसेवाल्यांची दुखणी आहेत, असं मानायचं कारण नाही. उलट ज्या मुलखानं उपासमार पाहिली त्या मुलखातल्या लेकरांना हा धोका जास्त आहे. तो का, हे समजून घेतल्याशिवाय ‘बाहेरचं खाऊ नका, खेळायला जा’ या सल्ल्याला काही वजन येत नाही.

आजच्या आज्यांनी १९७२ चा दुष्काळ पोरवयात काढला. मायबाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि पोरं सुकडीसाठी रांगेत उभी राहायची. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. लेकराच्या मांडीला पडलेल्या वळ्या म्हणजे घरात धान्य असल्याची खूण, असं या आज्यांना वाटलं तर त्यात नवल काय? नातवाला वाढताना कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘खाऊ दे की माय त्याला. खातंय म्हणून तर अंगी लागतंय.’ पुढं सुदृढ बालक स्पर्धा आल्या, त्यातही बक्षीस बहुतेक वेळा सगळ्यात वजनदार बाळालाच मिळायचं.

बाळसं चांगलंच असतं, पण त्याला वय असतं. जन्मानंतर वर्षभरात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, गाल भरतात, मनगटाला वळी पडते. हे व्हायलाच हवं. मग लेकरू उभं राहतं, चालतं, पळतं आणि सडसडीत होऊ लागतं. उंची झपाट्यानं वाढते, चरबी उतरते. पाच-सहा वर्षांच्या सुमारास ते सगळ्यात किडकिडीत दिसतं आणि त्यानंतर पुन्हा हळूहळू भरायला लागतं. हा निसर्गाचा क्रम आहे. हे पुन्हा भरणं पाच वर्षांच्या बरंच आधी सुरू झालं तर पुढं लठ्ठपणा येण्याची शक्यता वाढते, असं जगभरातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

घोळ नेमका इथंच होतो. अडीच-तीन वर्षांचं लेकरू वाळलं की घरात चिंता सुरू होते. ‘काहीच खात नाही, बघा कसं हाडं हाडं झालंय.’ मग भूक वाढवायचं सिरप येतं, दुधात चॉकलेटी पावडर येते, वरून दोन चमचे साखर पडते. जेवत नाही म्हणून मोबाइल लावून घास भरवले जातात. लेकरू मात्र वाढीच्या आलेखावर अगदी नेमक्या रेषेवर चाललेलं असतं. तो आलेख अंगणवाडीत असतो, पण तिथं बहुधा वयानुसार वजन पाहिलं जातं. त्यात कमी वजनाचं लेकरू सापडतं, उंचीच्या मानानं जाड होत चाललेलं सापडेलच असं नाही. बुटकं आणि गोलमटोल लेकरू या आलेखात ‘सर्वसाधारण’ म्हणून निघून जातं. म्हणून वजनाबरोबर उंचीही तितक्याच काळजीनं मोजली पाहिजे. ती मोजताना लेकराच्या पायातली चप्पल काढायला आणि टाचा भिंतीला टेकवायला विसरायचं नाही.

आता उपासमारीचा आणि लठ्ठपणाचा संबंध. तो उलगडण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गावातल्या बायका गरोदर राहायच्या आधीपासून त्यांची उंची-वजनं घ्यायची, गरोदरपणात त्या काय खातात ते लिहून ठेवायचं, बाळ झालं की त्याची मापं घ्यायची आणि मग ते बाळ मोठं होईल तसं वर्षानुवर्षं त्याला मोजत राहायचं, असं ते चिवट काम. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी केली गेली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं, स्नायू कमी होते. पण पाठीवर फऱ्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा तिची जाडी इतर मापांच्या मानानं फारशी कमी भरली नाही. हडकुळं दिसणारं बाळ आपली चरबी मात्र राखून जन्माला आलं होतं. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची आणि वजन यांचं गणित म्हणजे बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एवढ्या एका फोटोनं जगभरातल्या डॉक्टरांना जे पटलं ते मोठ्या ग्रंथानं पटलं नसतं.

हे असं का होतं? पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की शरीर मेंदूला आधी वाढतं. स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या वाट्यालाही कमी येतं. बाहेरही दुष्काळच असणार असं धरून देह काटकसरीची घडी बसवतो: मिळेल ते साठवायचं, कमी खर्च करायचा. जन्मानंतर खरंच ओढग्रस्तीचं जगणं असेल तर ही घडी कामी येते. पण जन्मानंतर गल्लीच्या तोंडावर साखर आणि तेल पाच रुपयांना मिळू लागलं की तीच घडी अंगावर उलटते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळं उपासमार झाली होती. तेव्हा पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या तपासणीला आली. ज्यांच्या आयांची गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झाली होती त्या मुलांत लठ्ठपणाचं प्रमाण जास्त निघालं. १९७६ मध्ये हे समोर आलं.

म्हणून आपल्याकडचा लठ्ठपणा नुसत्या काट्यावर दिसत नाही. पोट सुटलेलं आणि हातपाय काडीसारखे असं पोर आपण पाहतो, ते ‘जाड’ या व्याख्येत बसत नाही, पण धोका त्यालाही असतो. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांची सर्वंकष पोषण पाहणी झाली. तिच्यात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी दहात एका मुलाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. इतकी मुलं वजनानं जास्त मुळीच नव्हती.

याची एक खूण घरबसल्या दिसते. सातवी-आठवीतल्या पोराच्या मानेवर मागच्या बाजूनं काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसायला लागतो. मायला वाटतं पोरगं नीट अंघोळ करत नाही. ती डाळीचं पीठ लावते, वजरी घेते, लिंबू चोळते. मान लाल होते, पोर रडतं, पट्टा तिथंच. काखेतही तसाच काळेपणा असतो. हा मळ नव्हे. शरीरातल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि ते वाढलेलं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढवत राहतं. डॉक्टर याला अकँथोसिस निग्रिकान्स म्हणतात. घासणं थांबवावं आणि पोराची साखर, रक्तदाब, वजन-उंची तपासून घ्यावी. हा पट्टा दिसूनही न ओळखला जाणं मला फार लागतं, कारण तेव्हा अजून वेळ हातात असतो.

आता ताटाकडे येऊ. सकाळ चहानं उजाडते. तीन-चार वर्षांचं लेकरूही बशीत चहा घेतं आणि त्यात खारी, टोस्ट नाहीतर बिस्किटं बुडवतं. सहा-सात साध्या बिस्किटांत सव्वाशे ते दीडशे कॅलरी आणि दीडेक चमचा साखर जाते, चहातली वेगळी. पोट भरल्यासारखं होतं, म्हणून भाकरीची भूक मरते. दोन तासांनी पुन्हा भूक लागते, तेव्हा लेकरू शाळेच्या फाटकापाशी असतं. तिथल्या टपरीवर लोंबणाऱ्या माळेतलं पाकीट एकदा उलटं करून वाचावं. शंभर ग्रॅममागे ५०० ते ५५० कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या वर तेल. पाकीट वीसेक ग्रॅमचं धरलं तरी शंभर कॅलरी. दिवसाला अशी तीन पाकिटं आणि २०० मिलिलिटरची थंड पेयाची एक बाटली झाली की ४०० कॅलरींच्या आसपास मजल जाते. सात ते नऊ वर्षांच्या लेकराला दिवसाला १,७०० कॅलरी लागतात, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा इथंच संपला. आता शाळेतल्या खिचडीशी ताडून पाहा: पाचवीपर्यंतच्या लेकराच्या मध्यान्ह भोजनात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम आहे. पाकिटांनी आणि बाटलीनं मिळून कॅलरी जवळपास तेवढ्याच दिल्या, पण प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम. त्या एका बाटलीत वीस-बावीस ग्रॅम साखर असते आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेची अख्ख्या दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम सांगितली आहे. शिवाय प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्याची जाणीव होत नाही, जेवण तेवढंच जातं.

रोज शंभर कॅलरी जास्त जाणं म्हणजे वर्षाला ३६,५०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे कागदावर साडेचार किलोच्या वर. प्रत्यक्षात शरीर जुळवून घेतं, एवढं सगळं अंगावर चढत नाही. तरी दिशा कोणती ते यावरून कळावं.

या पाकिटांचं खापर मायच्या माथी फोडलं जातं, ते मला मान्य नाही. सोयाबीनच्या काढणीला नाहीतर कापूस वेचायला निघालेली बाई भल्या पहाटे उठून भाकरी-कालवण करते, लेकराच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवते आणि निघते, ती दिवस मावळताना परतते. दुपारी लेकराला गरम वाढणारं घरात कुणी नसतं. त्याच पाच रुपयांत मूठभर फुटाणे आले असते, पण फुटाण्यांची जाहिरात कुठल्या मोबाइलवर लागत नाही आणि त्यांच्या पाकिटात खेळणंही नसतं. स्वस्त, टिकाऊ, न शिजवता खाता येणारं आणि चवीला चटक लावणारं अन्न कामकरी घरात शिरणारच. उपाय सांगताना हे विसरलं की तो उपाय फक्त नोकरदारांच्या घरापुरता उरतो.

शेतातही फरक पडला आहे. नांदेड भागात खरिपाची ज्वारी मागं हटली, तिची जागा सोयाबीन आणि कापसानं घेतली. सोयाबीन आपण खात नाही, विकतो. करडईचं क्षेत्र आटलं आणि घरात बाहेरचं पिशवीतलं तेल आलं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. भाकरी चावायला वेळ लागतो, सावकाश पचते, भूक लांबते. अर्थात सालासकट दळलेल्या गव्हाची चपाती काही वाईट नाही, तंतूंच्या बाबतीत ती ज्वारीला मागं टाकत नसेल पण कमीही पडत नाही. बिघाड मैद्याचा आहे, म्हणजे खारी, टोस्ट, पाव, नूडल्स यांचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संस्थेबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण तयार केलं, ते २०१८ मध्ये आलं. असं वाण आपल्याच मराठवाड्यात निघतं आणि आपल्याच लेकरांच्या डब्यात नूडल्स असतात, हे पाहवत नाही.

खाण्याइतकाच बदल हालचालीत झाला. वाडी-तांड्यावरची पोरं चालत शाळेत जायची, ती आता भोकरच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि दुचाक्यांची गर्दी, म्हणून आईबाप एकटं सोडत नाहीत, त्यांचंही खरं आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळं शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून मोबाइल हातात आला आणि शाळा उघडल्यावरही तो हातातच राहिला. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, मग आख्खी सुट्टी पंख्याखाली पडद्यापुढं जाते. मोबाइल बघत खाणारं लेकरू किती खाल्लं ते मोजत नाही, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचेतो ताट संपलेलं असतं. रात्री तोच मोबाइल झोप खातो. सहा ते बारा वयाच्या लेकराला नऊ ते बारा तास झोप हवी. ती कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्याची ओढ जास्त लागते.

आठवी-नववीनंतर आणखी एक वळण येतं, आणि ते आपल्या भागाचं खास आहे. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांसाठी भोकर, हिमायतनगर, किनवटकडची पोरं खोल्या आणि मेस करून राहतात. पहाटे वर्ग, दुपारी वर्ग, संध्याकाळी सराव परीक्षा, रात्री अभ्यासिका. बारा-चौदा तास बैठक. मेसमध्ये भात-पोळी पोटभर मिळते, पण भाजी-वरण पातळ. रात्री जागायला चहा, त्याबरोबर पाव किंवा झटपट नूडल्स. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज किमान एक तास धाप लागेल अशी हालचाल करावी. जगभरातच अकरा ते सतरा वयाची शंभरातली ऐंशी मुलं ते करत नाहीत. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा दोन वर्षांत आठ-दहा किलो वाढून घरी येतो आणि गावात त्याचं कौतुक होतं की ‘तब्येत सुधारली’. शिकवण्यांनी दिवसात पाऊण तास मैदानासाठी मोकळा ठेवला तर गुण घटतील ही भीती निराधार आहे. व्यायामानं चित्त लागतं, झोप सुधारते.

मुलींचं आणखी वेगळं. पाळी आली की मैदान बंद. कबड्डी, खो-खो, लंगडी सगळं आठवी-नववीत सुटतं आणि त्याच वयात वजन वाढू लागतं. घरचे मग ‘जरा कमी खा, उद्या लग्न व्हायचंय’ म्हणतात. ती सकाळचं खाणं सोडते, रात्री भुकेनं फरसाण खाते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यात ही भर. जाड आणि तरीही रक्त नसलेली मुलगी म्हणजे एकाच देहात दोन्ही कुपोषणं. पाळी अनियमित होणं, चेहऱ्यावर लव वाढणं यामागंही बरेचदा हेच वजन आणि तेच इन्सुलिन असतं. अशा मुलीला उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे, तिला मैदान परत देणं हा आहे.

काही मुलांत मूळ कारण आजार असतो, पण अशी मुलं थोडी. ओळखायची एक सोपी रीत आहे. खाण्यामुळं लठ्ठ झालेलं लेकरू सहसा आपल्या वयाच्या मानानं उंच असतं. लेकरू जाडही होतंय आणि उंचीही थांबली आहे असं दिसलं तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांची तपासणी ताबडतोब करून घ्यावी. दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तरी तोंड सुजतं आणि वजन वाढतं.

रोखायचं कसं? सुरुवात लेकरापासून नाही, मायपासून होते. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत ज्या गरोदर बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जास्त चांगल्या वाढीची निघाली. नुसत्या जास्त कॅलरींनी तो फरक पडला नाही. आंबाडी, मेथी, शेपू, चुका, तांदुळजा आपल्याकडे मुबलक आहेत. त्याच गावांत बहुतेक बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळलं. ते दूध, दही, अंडी, मटण-मासळीतून मिळतं, निव्वळ भाजी-भाकरीतून मिळत नाही. म्हणून गरोदर सुनेच्या ताटात रोज दूध-ताक आणि चालत असेल तर अंडं हवं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर अजिबात नाही. खिरीत नाही, दुधात नाही आणि चहा तर नाहीच. जिभेला गोडाची सवय या दोन वर्षांत लागते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं, हेही घरोघरी कळायला हवं.

घरात मोजमाप ठेवायला एक दोरा पुरतो. लेकराला भिंतीशी उभं करून टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरायचा आणि तेवढा कापायचा. त्याची बरोबर मध्ये घडी घालायची आणि ती बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती फिरवायची. पोट आत न ओढता, श्वास सोडून. दोऱ्याची दोन टोकं जुळली तर ठीक. टोकांमध्ये फट राहिली तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटावर चरबी साचते आहे. सहा वर्षांपुढच्या कुठल्याही लेकराला हे माप चालतं आणि हडकुळ्या हातापायांची पण पोट सुटलेली मुलं काट्यातून निसटतात ती इथं सापडतात. डॉक्टरांकडे गेल्यावर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा वाढीचा आलेख वापरा असं म्हणायला संकोच नको. त्यात आपल्या मुलांसाठी धोक्याची रेषा खाली आणलेली आहे.

लेकरू आधीच जाड असेल तर त्याचं वजन झपाट्यानं उतरवायच्या मागं लागू नये. ते अजून उंच व्हायचं आहे. वजन आहे तिथं थांबवलं आणि उंची वाढू दिली की वर्ष-दीड वर्षात ते आपोआप प्रमाणात येतं. शेकच्या पावडरी, एकवेळच्या जेवणाचे प्रयोग, पोटाला बांधायचे पट्टे लेकरांसाठी नाहीत. वेगळं ताटही वाढू नये. भावाला जिलेबी आणि याला काकडी असं केलं तर ते चोरून खाईल. जे बदलायचं ते सगळ्या घरानं बदलायचं: पाकीट घरात आणायचंच नाही, तेल महिन्याला किती संपतं ते पाहायचं, चहाच्या जागी सकाळी धपाटे-दही, मुरमुऱ्याची सुशीला, उकडलेलं अंडं, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून. मधल्या भुकेला फुटाणे, शेंगा, पेरू, बोरं, हंगामात हुरडा. जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नाही, बापाच्याही नाही. आणि ‘ढोल्या’, ‘भोपळा’ ही हाक घरातून आधी बंद झाली पाहिजे. वर्गात हिणवलं गेलेलं पोर मैदानावर पाऊल टाकत नाही, कोपऱ्यात बसून खातं, आणि वजन आणखी वाढतं.

शाळेच्या पातळीवर नियम आहेत, ते वापरले जात नाहीत एवढंच. अति चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात विकू नयेत असा आदेश राज्य सरकारनं मे २०१७ मध्ये काढला. फाटकापासून ५० मीटरच्या आत ते विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. पोषण आहारात आठवड्याला एक अंडं किंवा केळ द्यायला नोव्हेंबर २०२३ पासून सुरुवात झाली होती, जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवला गेला. तो पुन्हा सुरू व्हावा, कारण गरीब घरच्या लेकराच्या वाट्याला येणारं ते सगळ्यात चांगलं प्रथिन होतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत शाळाखोल्या आणि रंगरंगोटीचे विषय निघतात. तिथंच खेळाचा तास गणिताला जातो का हे विचारता येईल, सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची आणि कमर वहीत लिहून घेता येईल, संध्याकाळी शाळेचं मैदान मुलींसाठी उघडं ठेवायचा ठराव करता येईल. फाटकासमोरच्या टपरीवाल्याचं पोट त्याच मुलांवर चालतं. त्याला हटवण्याआधी त्याच्याशी बसून बोलावं, फुटाणे, शेंगदाणे, केळी, पेरू ठेवायला सांगावं आणि पहिले काही महिने पोरांच्या खिशातले पाच रुपये त्या मालाकडे वळतील हे शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून पाहावं.